सावलीलाही माप हवे : शोभेच्या मिरचीच्या निमित्ताने

मिरची म्हटली की आपल्या मनात प्रथम येतो तो ठसका. वाळलेल्या मिरचीचे उत्पादन, सेवन आणि निर्यात या तिन्ही बाबतींत भारत जगात आघाडीवर आहे. गुंटूरचा बाजार, ब्याडगीचा गडद रंग, नागालँडच्या मिरचीचा जाळ ही आपल्या अभिमानाची स्थाने आहेत. मात्र याच मिरचीचे एक रूप चटणीसाठी नव्हे, तर केवळ पाहण्यासाठी वाढवले जाते. वीत-दीड वीत उंचीचे, घट्ट बांध्याचे झुडूप. पानांच्या वर ताठ उभी राहिलेली, बोटाच्या पेराएवढी फळे. आणि एकाच वेळी एकाच झाडावर जांभळा, पिवळसर, नारिंगी व लाल असे चार रंग. हिला शोभेची मिरची म्हणतात. कुंडीतल्या या झाडाची चांगली रोपे बहुधा उघड्या रानात होत नाहीत. ती शेडनेटखाली अथवा पॉलिहाऊसमध्ये तयार करावी लागतात.

या छोट्याशा झाडाच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावेसे वाटते. संरक्षित शेतीसाठी आपण देशभर सावली उभारली. पण त्या सावलीत पिकाला नेमका किती प्रकाश मिळतो, हे मोजण्याची सवय लावून घेतली नाही. आपण सावली चौरस मीटरने मोजतो, जाळीच्या टक्केवारीने विकत घेतो आणि अनुदानाच्या रुपयांनी हिशोबात धरतो. झाडाला यांतले एकही माप कळत नाही. त्याला कळतो तो दिवसभरात पानावर पडलेला प्रकाश. म्हणून माझे म्हणणे असे, की संरक्षित शेतीच्या पुढच्या टप्प्यात अधिक जाळ्या उभारण्यापेक्षा उभारलेल्या जाळ्यांखालचा प्रकाश मोजणे अधिक निकडीचे आहे. आणि हे शिकवण्यासाठी शोभेच्या मिरचीइतके प्रामाणिक पीक क्वचितच सापडेल.

प्रामाणिक अशासाठी, की प्रकाशाची उणीव ती लपवत नाही. तिच्या रंगांचे शास्त्र थोडक्यात पाहू. कोवळ्या फळाचा आणि काही वाणांत पानांचाही जांभळा ते काळपट रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. फळ पिकू लागले की ही द्रव्ये आणि हरितद्रव्य विरत जातात आणि कॅप्सँथिनसारखी कॅरोटिनॉइड द्रव्ये साठून फळ नारिंगी, मग लाल होते. वेगवेगळ्या वयाची फळे झाडावर एकाच वेळी असतात, म्हणून रंगांचा तो मेळ दिसतो. यांतील अँथोसायनिन तयार होण्यासाठी भरपूर प्रकाश लागतो. प्रकाश कमी पडला की जांभळा फिका पडतो आणि काळी पाने हिरवट होतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी विकसित केलेला ‘ब्लॅक पर्ल’ हा काळ्या पानांचा वाण २००६ साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा मानकरी ठरला. पण तेच झाड दाट सावलीत वाढवले, तर ज्या काळेपणासाठी त्याची ख्याती, तोच उतरू लागतो.

दुसरी खूण बांध्याची. वरून प्रकाश कमी मिळाला, की झाडाला शेजारच्या झाडांनी झाकल्याचा भास होतो आणि प्रकाशाच्या शोधात ते उंच धावू लागते. पेरांमधील अंतर वाढते, खोड बारीक होते, फांद्या विरळ होतात. खाण्याच्या मिरचीत अशी वाढ काही काळ खपून जाते. शोभेच्या मिरचीत मात्र बांधा हाच माल असतो. लांबोडे, झुकलेले, चार फळांचे झाड कोणी विकत घेत नाही. मग वाढ रोखण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोलसारखे वाढरोधक दिले जाते. म्हणजे प्रकाशाच्या चुकीची भरपाई रसायनाने केली जाते. त्याचा खर्च आणि धोका यांकडे पुढे येऊच.

इथे कोणी विचारील, की मग सावली करायचीच कशाला? मिरचीला ऊन हवे, तर उन्हातच ठेवावी. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उष्णतेत आहे. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे सरकले, की मिरचीच्या परागकणांची क्षमता घटते आणि फुले गळू लागतात. रात्री उबदार राहिल्या तरी फळधारणा खालावते. फळांवर थेट कडक ऊन पडले, की पांढरट, करपलेले डाग येतात. शोभेच्या झाडाला असा एक डागही पुरेसा नडतो. कुंडीत माती वा कोकोपीट थोडे असते, ते झटपट तापते आणि सुकते. तेव्हा उत्तर भारतातील मे महिन्यात किंवा दख्खनच्या एप्रिलमध्ये सावली हवीच. पण ती उष्णता आवरण्यासाठी हवी. प्रकाश तोडणे हा तिचा हेतू नाही, ती तिची किंमत आहे. किंमत किती मोजली, हे कळल्याशिवाय सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, हे ठरवणार कसे?

आज ही किंमत कशी ठरते? बाजारात ३५, ५०, ७५ अशा टक्क्यांच्या जाळ्या मिळतात. रोपवाटिकाधारक शेजाऱ्याने कोणती लावली हे पाहतो, विक्रेत्याचा सल्ला घेतो आणि बहुधा हिरवी, ५० किंवा ७५ टक्क्यांची जाळी ताणतो. एकदा ताणलेली जाळी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तशीच राहते. वर धूळ बसते, पॉलिहाऊसच्या फिल्मवर शेवाळ धरते. जाळीवर छापलेला आकडा मात्र तोच राहतो, आणि आपण तोच खरा मानतो.

आता थोडे गणित करू. वनस्पतीशास्त्रात प्रकाश मोजण्याचे सोयीचे एकक ‘मोल’ आहे. झाडाला वापरता येणारे प्रकाशकण दिवसभरात एका चौरस मीटरवर किती मोल पडले, यावरून पिकाच्या वाढीचा अंदाज बांधता येतो. त्याला दैनिक प्रकाशसंचय म्हणू. आकाश निरभ्र असताना एप्रिलमध्ये देशाच्या बऱ्याच भागांत एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ६ युनिट, म्हणजे ६ किलोवॅट-तास सौरऊर्जा पडते. तिचे रूपांतर केले, तर हा संचय सुमारे ४३ मोल होतो. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवशी हीच ऊर्जा २ युनिटांपर्यंत उतरू शकते. तेव्हा संचय सुमारे १४ मोल.

आता यावर छप्पर घालू. पॉलिहाऊसच्या बऱ्यापैकी स्वच्छ फिल्ममधून ८० टक्के प्रकाश आत येतो असे धरू आणि खाली ५० टक्क्यांची जाळी ताणू. एप्रिलच्या दिवशी झाडाला मिळतील सुमारे १७ मोल. ढगाळ जुलैत मिळतील सहाहून कमी. जाळी ७५ टक्क्यांची असेल, तर एप्रिलमध्ये जेमतेम नऊ आणि जुलैत तीनहून कमी. कुंडीतल्या शोभेच्या मिरचीला निदान दहा-बारा मोल तरी हवेत. दाट फळे आणि गडद रंग हवा असेल, तर त्याहून बरेच अधिक. म्हणजे एकच जाळी एप्रिलमध्ये झाडाची छत्री असते आणि जुलैत तीच त्याची उपासमार ठरते. जाळीवरचा आकडा या दोन्ही दिवशी सारखाच होता.

हा फरक डोळ्यांना का कळत नाही? कारण आपला डोळा प्रकाशाचा फार वाईट मोजमापक आहे. अंधाऱ्या खोलीपासून भर उन्हापर्यंत सर्वत्र दिसावे म्हणून तो स्वतःला सतत जुळवून घेतो. कार्यालयातील पाचशे लक्सचा दिवा आपल्याला लख्ख वाटतो. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते, म्हणजे त्या दिव्याच्या दोनशे पट. आपल्याला मात्र ते फार तर तीन-चार पटींनी प्रखर वाटते. अनुभवी माळ्याची नजर ओलाव्याला, किडीला, पानाच्या रंगाला धार लावलेली असते, यात शंका नाही. पण प्रकाशाच्या बाबतीत निसर्गानेच ती नजर बोथट ठेवली आहे. हा माळ्याचा दोष नव्हे. ताप मोजायला हाताऐवजी तापमापक वापरल्याने वैद्याचा अपमान होत नाही, तसेच हे.

देशाचा विस्तार पाहिला, की हा प्रश्न आणखी ठळक होतो. भारताच्या बहुतेक भागांत दर चौरस मीटरला दिवसाकाठी ४ ते ७ युनिट सौरऊर्जा मिळते, असे आपल्या सौरऊर्जा कार्यक्रमाच्या दस्तऐवजांत नेहमी सांगितले जाते. पश्चिम राजस्थानचे कोरडे, स्वच्छ आकाश आणि ईशान्येचे ढगाळ डोंगर यांच्यात केवढी तफावत आहे! आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या कडियमच्या रोपवाटिका, हिमालयाच्या कुशीतील कालिम्पाँगच्या फुलबागा, पुण्याजवळच्या उरुळीकांचन परिसरातील रोपवाटिका यांचे सूर्य वेगवेगळे, ऋतू वेगवेगळे. तरीही या सर्वांच्या डोक्यावर त्याच दोन-तीन ठरीव टक्क्यांची जाळी असावी, हे वैज्ञानिक शेतीचे लक्षण नव्हे.

गंमत अशी, की आपल्या देशाला प्रकाश मोजता येत नाही असे मुळीच नाही. भारतीय हवामान खाते अनेक दशकांपासून सौरप्रारणाच्या नोंदी ठेवत आले आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०११ पासून देशभर शंभरावर सौरप्रारण मापन केंद्रे उभारली. कशासाठी? सौरविद्युत प्रकल्प कोठे आणि किती क्षमतेचा उभारावा, हे ठरवण्यासाठी. सौरपटल बसवणारा अभियंता जागेचा वर्षभराचा प्रकाश मोजल्याशिवाय पुढे जात नाही. कारण त्यावर कर्ज देणारी बँक आकडा मागते. पानही प्रकाशावर चालणारे यंत्रच आहे, आणि सौरपटलाच्या कितीतरी आधीपासून ते हे काम करत आले आहे. पण शेडनेटच्या कर्जासाठी प्रकाशाचा आकडा कोणी मागत नाही. सिलिकॉनच्या पानाला आपण जो मान देतो, तो हिरव्या पानाला का देऊ नये?

धोरणाची दिशाही इथे तपासली पाहिजे. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ साली सुरू झाले. पुढे २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात सामावले. पॉलिहाऊस आणि शेडनेटगृहांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते. हरियाणातील घरौंड्यापासून सुरू झालेल्या भारत-इस्रायल उत्कृष्टता केंद्रांनी प्रात्यक्षिके दाखवली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत संरक्षित शेतीसाठी स्वतंत्र केंद्र आहे. या प्रयत्नांनी खूप काही साधले. ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा यांची शेती आज जिथे दिसते तिथे वीस वर्षांपूर्वी ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पण अनुदानाच्या तपासणीत लक्ष असते ते पाइपच्या जाडीवर, फिल्मच्या मायक्रॉनवर आणि आच्छादित क्षेत्रफळावर. बांधकाम तपासले जाते. त्या बांधकामाच्या आत पिकाला काय मिळते, ते तपासले जात नाही. घर बांधून झाले, पण खिडक्या किती आणि कोठे हव्यात, हे विचारायचे राहून गेले, असा हा प्रकार आहे.

जाळीच्या रंगाचेही तेच. हिरवी जाळी आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे, की ‘हिरवे कापड’ म्हणूनच ती मागितली जाते. शेतीला हिरवा रंग शोभतो हे खरे. पण जी वस्तू हिरवी दिसते, ती हिरव्या प्रकाशाला वाट देते आणि लाल व निळ्यात अधिक कपात करते. झाडाला प्रकाशसंश्लेषणासाठी आणि आटोपशीर बांध्यासाठी नेमके लाल व निळे अधिक उपयोगी. काळी जाळी सर्व रंग सारखेच कमी करते, पण स्वतः तापते. पांढरी जाळी प्रकाश पसरवून खालच्या पानांपर्यंत पोचवते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा उष्णतेचा बराच भाग परत धाडतो. तो महाग असतो, पण सरकता ठेवला तर दुपारी अकरा ते तीनपुरता ओढून सकाळ-संध्याकाळचा सौम्य प्रकाश झाडाला देता येतो. उष्णता दुपारी छळते. मग सावलीही दुपारपुरतीच का नसावी? कायमची ७५ टक्के सावली आणि दुपारच्या चार तासांची ५० टक्के सावली यांत झाडाच्या दृष्टीने उपवास आणि पथ्य यांच्याइतके अंतर आहे.

दाट सावलीचा आणखी एक तोटा आहे. प्रकाश कमी, हवा कोंडलेली आणि पाने मऊ, अशा ठिकाणी कोळी, मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी यांचे फावते. पांढरी माशी चुरडा-मुरड्याचा विषाणू पसरवते, हे मिरची लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०२१ साली आंध्र प्रदेश आणि तेलंगणात ‘थ्रिप्स पार्व्हिस्पायनस’ या परदेशी फुलकिड्याने मिरचीची शेतेच्या शेते उद्ध्वस्त केली. हा कीटक फुलझाडांवरही जगतो. म्हणून शोभेच्या मिरचीची कुंडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते, तेव्हा तिच्या पानाखाली कोण प्रवास करत आहे, ही केवळ रोपवाटिकेची खासगी बाब राहत नाही. बारीक विणीची कीटकरोधक जाळी हवीच. पण तीही प्रकाश आणि वारा अडवते. म्हणजे हिशोबात आणखी एक वजाबाकी आली. संरक्षणाचा प्रत्येक थर काही घेऊन जातो, आणि शेवटी उरलेला प्रकाशच झाडाच्या वाट्याला येतो.

झाड रोपवाटिकेतून घरात गेले, की खरी परीक्षा सुरू होते. दिवसाला १५-१७ मोलांवर वाढलेले झाड दिवाणखान्यातील पाचशे लक्समध्ये ठेवले, तर दहा तासांत त्याला अर्धा मोलही मिळत नाही. राजवाड्यातून थेट दुष्काळात यावे तसे हे स्थलांतर. पाने पिवळी पडतात, गळतात, कोवळी फळे सुकतात. त्यात इथिलीन वायूची भर. ब्राझीलमधील व्हिसोझा येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी शोभेच्या मिरचीच्या वाणांवर केलेल्या कामातून दिसले आहे, की काही वाण इथिलीनला फार संवेदनशील असून बंद जागेत त्यांची पाने झपाट्याने गळतात, तर काही बऱ्यापैकी तग धरतात. पिकणारे आंबे वा केळी यांच्यासोबत बंद टेम्पोतून कुंड्या पाठवल्या, तर काय होईल हे यावरून उमगावे. ग्राहक म्हणतो, “झाड टिकत नाही.” विक्रेता म्हणतो, “पाणी नीट घातले नसेल.” दोघांपैकी कोणीही प्रकाशाचे नाव घेत नाही. विक्रीपूर्वी आठ-दहा दिवस झाडाला हळूहळू कमी प्रकाशाची सवय लावणे आणि कुंडीवर ‘उन्हाच्या खिडकीत किंवा गच्चीत ठेवा’ एवढे छापणे, यात किती झाडे वाचतील!

छापण्याची दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. शोभेची मिरची ही मिरचीच आहे. विषारी वनस्पती नव्हे. पण तिच्यावर वाढरोधके आणि आंतरप्रवाही कीटकनाशके वापरलेली असू शकतात, कारण ती खाल्ली जाणार नाही असे उत्पादकाने गृहीत धरलेले असते. भारतीय घरात हे गृहीतक टिकणारे नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मिरचीचे झाड असेल आणि ऐन फोडणीच्या वेळी डब्यातली मिरची संपलेली असेल, तर हात कोठे जाणार, हे सांगायला संशोधन नको. शिवाय दिसायला काहीशी तशीच, लाल-नारिंगी गोल फळांची ‘जेरुसलेम चेरी’ नावाची वनस्पती शोभेसाठी विकली जाते. तिची फळे मात्र विषारी असतात. म्हणून कुंडीवर वनस्पतीचे नाव, फवारलेली औषधे आणि खाण्यास योग्य की अयोग्य याचा स्पष्ट उल्लेख मराठी, हिंदी, तमिळ, बांगला अशा त्या त्या भाषेत असला पाहिजे. सुंदर वस्तूवर इशारा लिहिल्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही.

वाणांच्या बाबतीतही सूत्र तेच. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. पण पाचशे वर्षांत या भूमीने तिला एवढी रूपे दिली, की तिचे परकेपण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. सिक्कीमची चेरीसारखी गोल डल्ले खुर्सानी, केरळची आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी कांधारी आणि तिचा पांढरा प्रकार, आपली इवलीशी लवंगी, आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेचा झुपक्याने उभी फळे देणारा ‘पुसा सदाबहार’. उभे फळ, झुपका, गोल आकार, वेगळा रंग हीच तर शोभेच्या मिरचीची लक्षणे! शोभेचा माल आपल्या परसात उभा आहे. आपण त्याच्याकडे तिखटाच्या नजरेने पाहत आलो, इतकेच. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील संग्रह, बंगळूरु व वाराणसीच्या भाजीपाला संशोधनाचा अनुभव, पुण्याचे पुष्पसंशोधन संचालनालय आणि २०२१ मध्ये सुरू झालेले सीएसआयआरचे पुष्पशेती अभियान यांनी एकत्र येऊन एकच प्रश्न विचारावा : आपल्या पावसाळ्यातील आठ-दहा मोलांत रंग टिकवणारे आणि आपल्या उन्हाळ्यात फूल न गाळणारे झाड कोणते? समशीतोष्ण देशांत निवडलेल्या वाणांकडून हे उत्तर मिळण्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे. आणि ज्या गावांनी ही रूपे जपली, त्यांचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार मान्य करूनच हे काम व्हावे.

यावर एक आक्षेप हमखास येईल. देशात अन्नधान्याचे, पाण्याचे, हमीभावाचे एवढे प्रश्न असताना शोभेच्या मिरचीचे कौतुक कशाला? याला माझे उत्तर असे. ज्याच्याकडे दहा गुंठ्यांहून अधिक जमीन नाही, त्याच्यासाठी कुंडीतले झाड हे चैनीचे पीक नसून उपजीविकेचे साधन आहे. रोपवाटिकांत कुंड्या भरणे, रोपे हलवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. तिथली एक खराब तुकडी म्हणजे त्यांच्या मजुरीतली कपात. जाळीसाठी काढलेले कर्ज फिक्या जांभळ्या फळांनी फिटत नाही. शिवाय शोभेच्या मिरचीत जे डोळ्यांना दिसते, तेच ढोबळी मिरचीत, टोमॅटोच्या रोपांत, जरबेऱ्यात न दिसता घडत असते. तिथे ते उत्पादनाच्या घटीत लपते आणि दोष खताला, बियाण्याला किंवा नशिबाला दिला जातो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण साधा लक्समापक काही हजार रुपयांत मिळतो. सूर्यप्रकाशात त्याच्या आकड्याला साधारण ५४ ने भागले, की झाडाला उपयोगी प्रकाशकणांचा दर सेकंदाचा अंदाज मायक्रोमोलमध्ये येतो. दर तासाला एक नोंद घेऊन दिवसाची बेरीज केली, तर एखाद्या आठवीतल्या मुलीलाही दैनिक संचय काढता येईल. प्रत्येक शेतकऱ्याने उपकरण घ्यावे असेही नाही. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत, त्यांनी मातीपरीक्षणासारखे प्रकाशपरीक्षण सुरू करावे. मातीची आरोग्यपत्रिका आपण घरोघरी पोचवली. मग प्रकाशाची पत्रिका का नको?

म्हणून सरकारकडे, कृषी विद्यापीठांकडे आणि रोपवाटिकांच्या संघटनांकडे मागणे अगदी मोजके आहे. सौरप्रारणाच्या उपलब्ध नोंदींवरून प्रत्येक जिल्ह्याचा महिनावार दैनिक प्रकाशसंचय काढून तो स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा. अनुदान देताना केवळ क्षेत्रफळ न पाहता, जाळीखालचा प्रकाश उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकेकदा मोजून नोंदवणे बंधनकारक करावे. कायमच्या ताणलेल्या जाळीपेक्षा सरकत्या जाळीला अधिक साहाय्य द्यावे. आणि कुंडीवर झाडाचे नाव, त्याची प्रकाशाची गरज व वापरलेली औषधे छापण्याची शिस्त लावावी. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवा शोध लागायचा नाही. ज्ञान आहे, यंत्रणा आहे, फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

आपल्या भागात रोपवाटिका असेल, तर एकदा दुपारी बारा वाजता जाळीबाहेर आणि जाळीखाली मोजून पाहावे. मोबाइलमधील प्रकाशमापक अचूक नसतो, पण आतल्या-बाहेरच्या प्रमाणाचा ढोबळ अंदाज तोही देतो. जाळीवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत किती अंतर निघाले, ते महिन्याच्या व जिल्ह्याच्या नावासह खाली जरूर लिहावे. शंभर ठिकाणच्या अशा नोंदी जमल्या, तर धोरणकर्त्यांपुढे ठेवायला आपल्या हातात मताबरोबर काही मापेही असतील.